खेळ देताना काय द्यायचे राहून जाते?

२०२२ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ‘शाळापूर्व तयारी अभियान’ राबविले गेले. ‘पहिले पाऊल’ हे त्याचे दुसरे नाव. कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० पासून अंगणवाड्यांचे दैनंदिन काम विस्कळीत झाले होते, आणि त्या जूनमध्ये पहिलीत येणारी कितीतरी मुले बालशिक्षणाचा अनुभव न घेताच शाळेच्या पायरीवर येऊन उभी राहणार होती. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘प्रथम’ या संस्थेच्या सहकार्याने त्यावर एक उपाय योजला. शाळेच्या आवारात मेळावा भरवायचा. तेथे सात टेबले मांडायची : नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल आईचे बोट धरून टेबलामागून टेबल करीत जाणार, त्याला काय जमते याची नोंद विकासपत्रावर होणार. मग आयांचे लहान लहान गट करून त्यांच्या हाती खेळांची व कृतींची कार्डे द्यायची, काही आठवडे घरी खेळ घ्यायचे, आणि शाळा उघडण्याच्या सुमारास दुसरा मेळावा भरवून प्रगती पाहायची.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील आपल्या वाचकांपैकी अनेकांनी असे मेळावे स्वतः भरवले असतील. त्यामुळे त्यांचे वर्णन लांबविण्याची गरज नाही. प्रस्तुत लेखात चिकित्सा करायची आहे ती या अभियानाच्या आणि त्याच धर्तीवर पालकांच्या हाती पडणाऱ्या एकूणच ‘घरच्या घरी, खेळता खेळता’ साहित्याच्या विचारपद्धतीची. खेळातून मूल शिकते हे विधान आता कोणी नाकारीत नाही. पण कोणत्या खेळातून, नेमके काय, आणि कशामुळे शिकते, हा प्रश्न विचारल्याशिवाय ते विधान एखाद्या सुविचारासारखे भिंतीवर टांगलेलेच राहते.

जमेच्या बाजू

आधी जे चांगले झाले ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सरकारी शाळेने आईला बोलावले ते तक्रार ऐकवायला किंवा सही घ्यायला नव्हे, तर तिला शिक्षणातील भागीदार मानून, ही लहान गोष्ट नाही. “मला कुठं लिहिता-वाचता येतंय, मी काय शिकवू?” हे वाक्य आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. त्या वाक्याला अभियानाने कृतीने उत्तर दिले. दुसरे असे, की साहित्य घरातलेच सुचवले : डाळी, खडे, पाने, काड्या, भांडी.

याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५७ साली ते कोसबाडला गेले, आणि अनुताई वाघ यांनी ते शेवटपर्यंत वाढवले. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत हे ओळखून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने घडवली. ‘अंगणवाडी’ हा शब्दही त्याच कामातून आला. मात्र येथे एक भेद विसरता कामा नये. ताराबाईंनी साधनाचे द्रव्य बदलले, त्यामागचा विचार बदलला नाही. लाकडी ठोकळ्याच्या जागी बी आली तरी त्या बीने मुलाच्या मनात कोणते काम घडवायचे आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या कार्डांवर बी आली आहे, कृतीही आली आहे. ते मनातले काम मात्र बरेचदा यायचे राहून गेले आहे. माझा मुख्य आक्षेप एवढाच आहे, आणि तो एका प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करता येईल.

पट तोच, फरक मोजण्याचा

अमेरिकेतील रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली गरीब वस्तीतील चार-पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांना एक अगदी साधा पट दिला. एका सरळ ओळीत दहा घरे, त्यांत १ ते १० आकडे. चकती फिरवायची, १ किंवा २ येईल तितकी घरे सोंगटी पुढे न्यायची. सुमारे पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या, त्याही दोन-तीन आठवड्यांत. एवढ्यावर मुलांची मोजणी, आकडे ओळखणे, दोन संख्यांतील मोठी कोणती ते सांगणे आणि रेषेवर संख्येची जागा दाखवणे, या चारही गोष्टी सुधारल्या. नऊ आठवड्यांनी पाहिले तेव्हाही ही सुधारणा टिकून होती.

तुलनेसाठी दुसऱ्या गटातील मुलांना तसाच पट दिला होता, पण घरांत आकड्यांऐवजी रंग होते. त्या मुलांनीही तितकाच वेळ, तितक्याच आनंदाने खेळ खेळला. त्यांच्या संख्याज्ञानात मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी याच संशोधकांनी घरे गोलाकार मांडून पाहिली, तेव्हा सरळ ओळीइतका फायदा झाला नाही.

यानंतरचा भाग शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. २०१४ साली एलिडा लास्की आणि सीगलर यांनी शंभर घरांच्या पटावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सोंगटी ५ वर आहे आणि दान २ पडले, तर मूल दोन प्रकारे पुढे जाऊ शकते. एक, “एक, दोन” असे म्हणत. दुसरे, घरातले आकडे वाचत, “सहा, सात” असे म्हणत. पट तोच, दान तेच, वेळ तोच. फायदा झाला तो “सहा, सात” म्हणणाऱ्या मुलांना. “एक, दोन” म्हणणारी मुले खेळली, रमली, आणि जवळजवळ होती तिथेच राहिली.

आता आपण पालकांना काय सांगतो ते आठवून पाहा. ‘मुलांबरोबर सापशिडी खेळा, संख्याज्ञान वाढते.’ हे वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. आपल्याकडे सापशिडीत घरे मोजताना नव्वद टक्के घरांत “एक, दोन, तीन” असेच मोजले जाते असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फारशी होणार नाही. शिवाय सापशिडीच्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उजवीकडून डावीकडे जाते. लहान मुलाला संख्या एकाच दिशेने वाढत जातात हे उमगायच्या आत दिशा उलटते. म्हणजे ज्या एका बारकाव्यात खेळाचे सारे शैक्षणिक बळ आहे, तोच बारकावा सांगायचा राहतो. आईने मात्र “सांगितल्याप्रमाणे केले” असे प्रामाणिकपणे म्हणावे, आणि फळ दिसले नाही म्हणून स्वतःलाच किंवा मुलाला दोष द्यावा, अशी वेळ येते.

येथे एक मर्यादा नोंदवली पाहिजे. हे प्रयोग मोठ्या माणसाने एकेका मुलाबरोबर शांतपणे बसून केलेले आहेत. चार माणसांच्या घरात, रडणाऱ्या धाकट्याला सांभाळत खेळलेल्या खेळाचे फळ तितकेच मिळेल असे गृहीत धरता येत नाही. पण त्यांतून मिळणारे तत्त्व पक्के आहे : साहित्य शिकवीत नाही, त्या साहित्याने मुलाकडून करवून घेतलेले मनाचे काम शिकवते.

चिंचोके आणि गजगे

याच कसोटीवर आपले घरचे खेळ घासून पाहू. जुने ते सारे सोने, असे म्हणण्याचा मोह येथे टाळायला हवा.

जमिनीवर खडूने किंवा कोळशाने पाच बाय पाच घरांचा पट आखून खेळायचा खेळ आपल्याकडे चल्लस-आठ, अष्टचंगा अशा नावांनी ओळखला जातो. गावागणिक नावही बदलते आणि नियमही. कवड्या नसतील तर चार चिंचोके एका बाजूने घासून पांढरे करतात. चारही एकदम टाकायचे. जितके पांढरे वर, तितके दान. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ.

यात मूल काय करते? दान पाहताक्षणी, बोट न लावता, दोन किंवा तीन पांढरे आहेत हे ओळखते. तीन-चारपर्यंतच्या वस्तू न मोजता ओळखण्याची ही क्षमता पुढच्या गणिताचा पाया आहे. आठ हे दान तर अधिक मजेचे, कारण समोर एकही पांढरा नसताना आठ म्हणायचे असते. संख्या ही डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूवर नव्हे, तर आपण ठरवलेल्या नियमावरही उभी राहू शकते, याचा हा पहिला धडा. शिवाय आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याची सोंगटी मारायची की आपली वाचवायची हे ठरवणे, दानावरून भांडणे आणि ते मिटवणे, हे सगळे एकाच बैठकीत घडते. मेळाव्यातील बौद्धिक, सामाजिक, भाषिक आणि गणनपूर्व या चार टेबलांवर वेगवेगळे मांडलेले विषय येथे एका पटावर एकत्र नांदतात. मुलाचे मन खऱ्या आयुष्यात टेबलांप्रमाणे विभागलेले नसते, हे या खेळाला न शिकवता कळलेले आहे.

पण उणीवही आहे. या पटाच्या घरांत आकडे नसतात आणि वाट गोलगोल फिरत आत जाते. वर सांगितलेल्या प्रयोगांचा अर्थ लावायचा तर अंक ओळखणे आणि संख्यांचा क्रम मनात बसणे यासाठी हा पट फारसा उपयोगाचा नाही. त्यासाठी अंगणात सरळ ओळीत दहा घरे आखावीत, आकडे लिहावेत, दोनच चिंचोके टाकावेत आणि “सहा, सात” असे मोजावे. खर्च शून्य. दोन्ही खेळ हवेत, पण एकाचे काम दुसरा करील या भ्रमात राहू नये.

दुसरा खेळ गजग्यांचा, म्हणजे सागरगोट्यांचा. पाच गजगे घेतले तर एक वर उडवायचा आणि खाली राहतात चार. आधी एकेक उचलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. म्हणजे चार या संख्येच्या फोडी, १+१+१+१, २+२, ३+१, मूल हाताने करते, आणि तीही वर उडवलेला गजगा खाली येण्याच्या आत. बेरजेचा पाया ‘संख्येची फोड’ हाच आहे. आमच्या आज्या-मावश्यांना ही परिभाषा ठाऊक नव्हती, पण खेळ ठाऊक होता. शिक्षकाने येथे करायचे काम एवढेच, की “चार कसे कसे उचलले?” हे मुलाकडून बोलवून घ्यायचे. हाताला जे कळले ते जिभेवर आले, की ते विचाराच्या कामाला येते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी याच चिंचोक्यांत आणखी एक गणित आहे. चार चिंचोके टाकल्यावर काळ्या-पांढऱ्याच्या एकूण १६ मांडण्या संभवतात. त्यांत दोनचे दान ६ प्रकारे पडते, एक आणि तीन प्रत्येकी ४ प्रकारे, चार आणि आठ प्रत्येकी एकाच प्रकारे. म्हणून १६० वेळा दान टाकले तर आठ सुमारे १० वेळा आणि दोन सुमारे ६० वेळा पडायला हवे. प्रत्यक्ष टाकून तक्ता करावा. आकडे जुळले नाहीत तर चिंचोक्यांच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हा निष्कर्ष निघतो, आणि तो स्वतः काढण्यात खरे विज्ञान आहे.

साहित्याविषयी एक गोष्ट मात्र कार्डांवर ठळकपणे हवी. ‘बिया वापरा’ एवढेच लिहून चालत नाही. गुंजा दिसायला मोहक, पण विषारी असतात. एरंडाच्या आणि धोतऱ्याच्या बियाही विषारीच. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती तर चिंचोका किंवा हरभराही एकटे असताना देऊ नये. तो नाकात जाऊ शकतो, घशात अडकू शकतो.

प्रश्न की परीक्षा?

मेळाव्याचा साचा तपासणीचा असतो. मूल टेबलाशी येते, त्याला कृती सांगितली जाते, जमली की नाही याची खूण होते. शंभर मुलांचा अंदाज एका सकाळी घ्यायचा तर दुसरा मार्ग नाही, म्हणून त्याला दोष देता येत नाही. दोष सुरू होतो तो हाच साचा कार्डाबरोबर घरी पोहोचतो तेव्हा. दुसऱ्या मेळाव्यात खुणा वाढल्या पाहिजेत, हे एकदा मनात बसले की आई त्या खुणांचीच तयारी करून घेऊ लागते. “हा कोणता रंग? हे किती? हा कोणता आकार?” उत्तर तिला ठाऊक असते, ते तिला ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असते. याला खेळ म्हणत नाहीत, ही तोंडी परीक्षा होय.

आपल्या भागात या धोक्याला अधिक धार आहे. बारावीच्या गुणवत्ता याद्यांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले. प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवणे, चुका शोधणे, पुन्हा सोडवणे, ही ती पद्धत. लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत आज राज्याच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात. सतरा वर्षांच्या मुलाला ज्या संकल्पना आधीच समजल्या आहेत, त्यांवर हात बसवण्यासाठी सराव उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण पाच वर्षांच्या मुलाची संकल्पनाच अजून घडायची आहे. तेथे उत्तराचा सराव म्हणजे फक्त शब्दांचा सराव होतो. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे सात खडे ठेवून “पाच दे” म्हटल्यावर ते मूठभर खडे देते, हा अनुभव पहिलीच्या शिक्षकांना नवा नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीची जी तत्त्वे मांडली, त्यांत शेवटचा उच्चारलेला आकडा हा साऱ्या समूहाची संख्या असतो, हे एक तत्त्व आहे. ते पाठांतराने येत नाही.

तर मग मुलाला मोकळे सोडून द्यावे काय? पुष्कळ सुशिक्षित पालक आता या दुसऱ्या टोकाला गेलेले दिसतात. त्यालाही पुरावा साथ देत नाही. २०१३ साली फिशर, हर्श-पासेक, न्यूकोम आणि गोलिंकॉफ यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना आकार शिकवण्याच्या तीन रीती ताडून पाहिल्या. एका गटाला मोठ्यांनी सांगितले, मुलांनी ऐकले. दुसरा गट आकारांशी मनाला येईल तसा खेळला. तिसऱ्या गटात मोठ्यांनी खेळ मांडून दिला, प्रश्न विचारले, पण शोध मुलांनीच घेतला. टोकावर उभा केलेला, लांबट, नेहमीसारखा न दिसणारा त्रिकोणही त्रिकोणच आहे, हे तिसऱ्या गटाला सर्वांत चांगले ओळखता आले. नुसते खेळणाऱ्या गटाला आकारांचे मर्म फारसे सापडले नाही.

म्हणजे मोठ्या माणसाचे काम आहे, पण ते उत्तर तपासण्याचे नाही, प्रश्न मांडण्याचे आहे. “हा त्रिकोण आहे का?” याऐवजी “याला त्रिकोण का म्हणायचं?” “किती आहेत?” याऐवजी “तुला कसं कळलं?” आणि मुलाने चूक उत्तर दिले तर ते लगेच सुधारण्याची घाई नको. “बरं, मोजून बघू या” एवढे पुरते.

घरची भाषा, घरचे आकडे

या साहित्याचा आणखी एक अबोल समज असा, की घरी मराठी बोलतात. नांदेड आणि लातूर हे दोन्ही सीमेवरचे जिल्हे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यात अनेक घरांत तेलुगू आहे. उदगीर, देवणी, निलंगा या बाजूला कन्नड आहे. किनवट-माहूरकडे तांड्यांवर गोरमाटी आहे, गोंडी आणि कोलामी आहे. दोन्ही शहरांत दखनी उर्दू आहे. कार्ड मराठीत, मेळावा मराठीत. त्यामुळे या घरांतील आईचा समज असा होतो, की खेळसुद्धा मराठीतच खेळला तर शिक्षण. मग जिच्याजवळ बोलण्याचे सर्वांत मोठे भांडार आहे, तीच आई मोडक्या भाषेत चार शब्द बोलून गप्प होते.

संख्यांच्या बाबतीत तर हे नुकसान मोजून दाखवता येते. मराठीत २१ म्हणजे ‘एकवीस’, आधी एकक, मग दशक. २९ म्हणजे ‘एकोणतीस’, तिसाला एक कमी. ८९ ‘एकोणनव्वद’, पण ९९ ‘नव्व्याण्णव’. मुलाला शंभरपर्यंतचे बहुतेक शब्द सुटे सुटेच शिकावे लागतात. तेलुगूत मात्र २१ म्हणजे ‘इरवै ओकटि’, वीस-एक. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, पुन्हा वीस आणि एक. संख्या जशी लिहितात तशीच बोलतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्येची रचना समजावी हा हेतू सांगितला होता. त्या वादाचा निवाडा येथे करायचा नाही. पण ज्या सोयीसाठी एवढा वाद झाला, ती सोय देगलूरच्या तेलुगू घरात आणि देवणीच्या कन्नड घरात जन्मतःच हजर आहे, आणि आपण ती दाराबाहेर ठेवायला सांगतो! चिनी भाषेत अकराला ‘दहा-एक’ म्हणतात, आणि चिनी मुले दहाच्या पुढची मोजणी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा सोपेपणाने शिकतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. शिक्षकाने अशा घरातील आईला स्पष्ट सांगावे : “तुमच्या भाषेत मोजा. आम्ही इकडे मराठीत जोडून घेऊ.”

वेळ कुणाकडे आहे?

शेवटचा आक्षेप वेळेचा. कार्ड म्हणते, रोज अर्धा तास मुलाबरोबर बसा. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला जाणारी बाई संध्याकाळी बसते ती चुलीपुढे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागताना परततात. ‘घर’ या शब्दाचा अर्थ त्यांच्यासाठी वर्षातले काही महिने कोपी असाच असतो. अशा आईला आणखी एक काम सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक अपुरेपण ठेवणे आहे.

यावर उपाय खेळ वाढवण्याचा नसून, चाललेल्या कामात खेळ ओळखण्याचा आहे. तूर हे आपल्या भागाचे पीक. शेंगा सोलताना मुलाला शेंग हातात देऊन विचारायचे, “फोडायच्या आधी सांग, आत किती दाणे?” शेंगेवरचे उंचवटे पाहून मूल अंदाज करते, “चार”. फोडल्यावर तीन निघतात, एक पोचट. पुन्हा दुसरी शेंग. अंदाज, पडताळा, चुकीचे कारण. वैज्ञानिक पद्धतीचे तीनही टप्पे दोन बोटांच्या चिमटीत आले, आणि आईचे काम थांबले नाही. भाकरीच्या पिठाचे दोन सारखे गोळे करून एक थापला, की “आता जास्त पीठ कशात?” हा प्रश्न विचारावा. “मोठ्या भाकरीत” असे उत्तर आले तर हसू नये. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने नेमक्या याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले.

आणि हे सारे आईनेच का करावे? चल्लस-आठ उत्तम खेळणारे आजोबा पारावर बसलेले असतात. वडील बाजाराला जातात. थोरली बहीण गजगे खेळतेच. पालक म्हणजे आई, हे समीकरण अभियानाने सोयीसाठी धरले असेल, पण ते सोडण्याची वेळ आली आहे.

कार्डावर काय हवे

टीका करणाऱ्याने पर्यायही दिला पाहिजे. प्रत्येक कार्डावर आज ‘साहित्य’ आणि ‘कृती’ असते. त्याखाली आणखी चार ओळी हव्यात. एक, या खेळात मुलाने मनात काय करायचे आहे. (‘पाचावरून पुढे सहा, सात असे मोजावे, पुन्हा एकपासून नव्हे.’) दोन, मोठ्यांनी कोणता एक प्रश्न विचारावा. तीन, सोपे गेले तर अवघड कसे करावे, अवघड गेले तर सोपे कसे करावे. चार, केव्हा थांबावे. वाचता न येणाऱ्या आईसाठी हे शिक्षकाने गटात बसून प्रत्यक्ष खेळून दाखवावे. दहा कार्डे वाटण्यापेक्षा एक खेळ असा नीट दाखवणे अधिक मोलाचे ठरेल.

आणि विकासपत्रावरील खुणांच्या जोडीला शिक्षकाने आईला एक प्रश्न विचारावा : “हा खेळ मुलाने स्वतःहून पुन्हा मागितला का?” उत्तर ‘हो’ आले, तर खेळ अजून खेळच आहे आणि त्यात शिकण्याला जागा आहे. उत्तर ‘नाही’ आले, तर मुलाच्या तयारीविषयी काही लिहिण्याआधी आपण दिलेल्या खेळाकडे पुन्हा एकदा पाहावे.